पणजीच्या नावाची हजेरी

आधी चपला काढा. जिथं जायचंय तिथली जमीन शेणानं सारवलेली आहे, पावसानं ओली आहे, आणि तुमच्या चपलांचा चिखल तिथं कुणी खपवून घेणार नाही. मोबाइल राहू द्या, उपयोग नाही. हातात फक्त तो एक कागद असू द्या: तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षातून मिळालेली नक्कल, गाव नमुना नंबर १४. गावातले जन्म आणि मृत्यू ज्या पुस्तकात नोंदले जायचे, ज्याला लोक सरळ ‘कोतवाल बुक’ म्हणतात, त्यातलं हे पान. अक्षर मोडी आहे. जाणकारानं ते वाचून खाली पेन्सिलीनं बाळबोधीत उतरवून दिलंय: अमुक तारखेला अमक्याला मुलगा झाला.

तो मुलगा म्हणजे तुमचे आजोबा. अमका म्हणजे पणजोबा. तारीख आहे, गाव आहे, जात आहे. मुलाला जन्म देणारी बाई मात्र या ओळीत नाही.

घरात विचारून झालंय. आत्या म्हणाली, “आम्ही तिला आये म्हणायचो.” थोरले काका म्हणाले, “नाव असणारच की, पण कुणी घेतलेलं आठवत नाही.” पणजोबांचं नाव सातबारावर आहे, फेरफारात आहे, घराच्या उताऱ्यावर आहे. पणजीचं कुठंच नाही.

तुम्हाला ते नाव हवंय. तेव्हा एकच गोष्ट करता येते. जिथं ते कुणीतरी उच्चारेल तिथं जाऊन कान देऊन उभं राहायचं. चला. तुमचं घराणं कोकणातलं नसलं तरी आजच्यापुरते रत्नागिरी जिल्ह्याचे व्हा. शंभरेक वर्षं मागे. श्रावण आहे.

पहिला कागद: कोतवाल बुक

वाका, दार बुटकं आहे. छपराचं गवत भिजून जड झालंय आणि त्याचा कुबट, गोडसर वास घरभर आहे. पलीकडच्या अंधाऱ्या खोलीत बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी सरकवलीय. निखाऱ्यांवर ओवा आणि बाळंतशेपा पडतात, चटचट आवाज होतो, आणि धूर थेट तुमच्या डोळ्यांत शिरतो. वाचक पुरुष असेल तर त्यानं उंबऱ्याबाहेरच थांबावं, सुईण आत येऊ देणार नाही. बाई असाल तर पुढं व्हा. बाजेवर सोळा-सतरा वर्षांची एक मुलगी घामानं निथळत पडलीय. कपाळाला केस चिकटलेत. तिच्या कुशीत लालबुंद गाठोडं आहे, आणि ते गाठोडं म्हणजे तुमचे आजोबा.

आजोबांकडे नंतर बघा. आधी तिच्याकडे बघा. तुमच्या धाकट्या बहिणीची हनुवटी हुबेहूब तिथून आलीय.

आता कान द्या. सासू म्हणते, “सूनबाई, कूस बदल.” सुईण म्हणते, “पोरी, दात-ओठ खाऊ नको, झालं आता.” दारातून डोकावणारी जाऊ म्हणते, “धाकटे, पेज आणू?” तिला तीन हाका आल्या, पण नाव एकाही हाकेत नाही.

बाहेर पडवीत कोतवाल आलाय. पाठीवरचं इरलं काढून त्यानं भिंतीला टेकवलंय, त्यातून पाणी ठिबकतंय. तो पाटलाकडे वर्दी देणार आणि पुस्तकात ओळ पडणार. तो विचारतो, “काय झालं?” म्हातारा सासरा सांगतो, “नातू.” कोतवाल मान हलवतो, “म्हंजे धाकल्याला मुलगा.” धाकला म्हणजे पणजोबा. आणि धाकला इथं नाहीच. तो समुद्रापलीकडे मुंबईत गिरणीत आहे, पावसाळ्यात बोटी बंद असतात, मुलगा झाल्याचं त्याला पत्र पोचेल तेव्हा कळेल. जी इथं आहे, कोतवालापासून दोन हातांवर, कुडाच्या भिंतीआड जिचा कण्हण्याचा आवाज त्याला ऐकू येतोय, तिच्याबद्दल पुस्तकाला काही विचारायचं नाही. कोतवाल दुष्ट नाही. जाताना त्यानं आत ओरडून विचारलंच, “पोरगी बरी हाय ना?” पण पुस्तकाचा रकाना वेगळा आणि माणसाची चौकशी वेगळी.

पहिल्या ठिकाणी नाव मिळालं नाही. चला पुढं.

इथं कागद नाही, समुद्र आहे

तुमच्याजवळ आणखी एक कागद आहे तो आजोबांच्या शाळेचा, आणि शाळा आहे लालबागची. जन्म रत्नागिरी जिल्ह्यातला, शाळा मुंबईची. या दोन कागदांच्या मधल्या प्रवासाची नोंद तुमच्याकडे नाही. पण तान्हं मूल आपणहून बोटीत बसत नाही. ते कुणाच्या तरी कडेवर गेलं. कडेवर घेणारी कोण, हे सांगायला दाखला लागत नाही. कूळ शोधताना असं करावं लागतं. दोन नोंदी समोरासमोर ठेवायच्या आणि मधली वाट चालून बघायची.

तर चाला. भात कापून झालंय. हर्णैचा किनारा, संध्याकाळ. वाळूवर सुकत घातलेल्या मासळीचा वास नाकात बसलाय. आगबोट खोल पाण्यात दूर उभी आहे, धक्क्याला लागत नाही, म्हणून आधी होडीत चढायचं. होडीपर्यंत कमरेएवढं पाणी. खलाशी येतो आणि माणसं सरळ खांद्यावर उचलून नेऊन होडीत ठेवतो. लाजू नका, सगळ्यांना असंच नेतात. पणजी दिराबरोबर निघालीय. कोकणातल्या बहुतेक बायका मागे राहतात, शेत, गुरं आणि म्हातारी माणसं सांभाळतात. हिला मात्र नवऱ्यानं बोलावून घेतलंय. तिनं आजवर समुद्र पाहिला तो कड्यावरून.

होडी बोटीला लागते. लाट आली की होडी हातभर वर, ओसरली की पुरुषभर खाली. शिडीवरचा माणूस ओरडतो, “आता! टाक पाय!” पणजी थबकते. कडेवर मूल असताना उडी कशी मारायची? “पोर दे हिकडं, बाय!” खालची एक अनोळखी म्हातारी मुलाला ओढून घेते, वरच्या खलाशाकडे देते, तो आणखी वर देतो. तुमचे आजोबा तीन अनोळखी हातांतून आगबोटीवर चढतात. मग पणजी उडी मारते. तुम्हीही मारा, लाट थांबणार नाही.

डेकवर पाय ठेवायला जागा नाही. ज्यानं आधी घोंगडी अंथरली तेवढी जमीन त्याची. पोत्यांतून तांदूळ, कुळीथ, आमसुलं, फडक्यात सुकट, पाय बांधलेली कोंबडी, नारळांवर बसलेली माणसं. इंजिनाची धग पत्र्यातून तळपायाला लागते. कोळशाची बारीक कच दाताखाली येते. बंदराबाहेर पडताच बोट डुलायला लागते आणि अर्धं डेक ओकायला लागतं. त्या आंबट वासावर एकच उपाय, आमसूल चोखत डोळे मिटून बसायचं. पणजी मुलाला पदराखाली घेऊन बसते. शेजारीण विचारते, “कुठल्या गो तुम्ही?” ती गावाचं नाव सांगते. तिथून पुढं रात्रभर ती त्या डेकवर आपल्या गावाच्या नावानं ओळखली जाते. “अमक्या गावची वैनी, पाणी हवं का?”

पहाटे क्षितिजावर दिवे दिसतात, मग धुराडी. इतकी धुराडी की आभाळालाच कुंपण घातल्यासारखं दिसतं. भाऊचा धक्का. हमालांची ओरड, ओल्या दोरखंडांचा वास, घोड्यांची लीद, आणि लांबून ट्रामची घंटा. पणजीनं मुलाच्या कानांवर हात ठेवलेत. स्वतःच्या कानांवर ठेवायला तिला हात उरलेले नाहीत.

दुसरा कागद: मनीऑर्डरची चिठ्ठी

गावच्या पेटीत पितळी अडकित्त्याखाली एक चिठ्ठी सापडली होती ना? मनीऑर्डरच्या फॉर्मचा खालचा तुकडा, जिच्यावर दोन ओळी मजकूर लिहायची सोय असायची. भारतात टपालानं मनीऑर्डर सुरू झाली १८८० साली, आणि कोकणातल्या कित्येक घरांची चूल पुढं तिच्यावर पेटत राहिली. तुमच्या चिठ्ठीवर पाठवणारा म्हणून पणजोबांचं नाव आहे. आता ते पैसे कुठून आले ते बघा.

लालबागची चाळ. पहाटेचे चार. उठा, नळाला पाणी आलंय. मोरीसमोर हंडे-कळश्यांची रांग आहे आणि रांगेत तुमच्या पणजीचा नंबर सातवा. अंधारात पितळ पितळेवर आपटतं. कुणीतरी मधे घुसतं, कुणीतरी तिचं तोंड भरून कल्याण करतं. पणजीला आता मुंबईत वर्ष झालंय, तीही कल्याण करायला शिकलीय. हंडा डोक्यावर घेऊन अरुंद जिन्यानं वर या. गॅलरीत लोक ओळीनं झोपलेत, पाय तुडवू नका.

खोली एकच. याच सुमारास वरळीला, नायगावला, डिलाईल रोडला बीडीडी चाळी उभ्या राहिल्या, तिथली खोली १६० चौरस फुटांची. इथली त्याहून मोठी नाही. तिच्यात पणजोबा, पणजी, तुमचे आजोबा, एक दीर आणि गावाकडचे पाचजण. हे पाचजण खानावळीचे. रात्रपाळीवाला येतो तेव्हा दिवसपाळीवाल्याची वळकटी गुंडाळली जाते, त्याच जागेवर दुसरी उलगडते. खुंटीखुंटीला सदरे, फळीवर ओळीनं पत्र्याच्या ट्रंका. खोबरेल, बिडी आणि घाम यांचा मिळून एक वास भिंतीत मुरलाय.

पणजी चुलीशी बसते. लाकूड ओलं आहे. फुंकणीनं फुंकताना तिचे गाल फुगतात आणि डोळ्यांतून पाणी येतं. पहिल्या भोंग्याच्या आत नऊ माणसांच्या भाकऱ्या व्हायला हव्यात. परातीत पीठ थापण्याचा आवाज ऐका: थप, थप, थप, एका लयीत. कालवणात कोकम पडलं, सुकटीचा वास उठला, आणि वरच्या मजल्यावरून कुणीतरी ओरडलं, “वैनी, आज काय बेत?” मग भोंगा. एक, त्याच्यामागे दुसरा, मग परळकडचा, मग चिंचपोकळीकडचा. खिडकीची चौकट थरथरते. माणसं हातात भाकरी घेऊनच जिन्यावरून धावतात. पाच मिनिटांत खोली रिकामी.

आता चुलीमागची भिंत बघा. धुरानं काळ्या पडलेल्या भिंतीवर तिनं विटेच्या तुकड्यानं रेघा ओढल्यात. पाच ओळी, पाच माणसांच्या. जेवला त्या दिवशी उभी रेघ, गावी गेला किंवा उपास असला की जागा मोकळी. महिनाअखेर रेघा मोजून पैसे. तिला लिहिता येत नाही, पण तिचा हिशेब चुकला असं कुणी म्हणणार नाही. तुमच्या घराण्यातली ही पहिली खातेवही, आणि पुढच्या रंगसफेदीत ती जाणार.

त्या रेघांचे पैसे पदराच्या गाठीला बांधून ती पोस्टाकडे निघते. तुम्ही मागे मागे चला. पोस्टाच्या पायरीवर पत्रं लिहून देणारा बसलाय, पुढ्यात दौत, कानावर टाक. “कुणाला?” “सासऱ्यांना.” “पाठवणार कोण?” ती गप्प. नवऱ्याचं नाव तोंडानं घ्यायचं नाही. शेजारचा मुलगा ते सांगतो, लेखनिक लिहितो. “मजकूर?” आता ती भराभर बोलते: तांबडी गाय व्याली का, पडवीचं छप्पर शाकारलं का, थोरल्या जाऊबाईंच्या गुडघ्याला आराम आहे का, मुलगा आता चालतो, पडतो, पुन्हा चालतो. लेखनिक ऐकून घेतो आणि जागेपुरतं लिहितो: सा. न. वि. वि. इकडील सर्व क्षेम. मुलगा खुशाल. शाकारणीचे पैसे धाडले आहेत.

तुमच्या हातातली चिठ्ठी हीच. पैसे तिचे, शब्द तिचे, आणि सही दुसऱ्याच्या नावानं.

तिसरा कागद: शाळेचा दाखला

जून महिना. लालबागेतली मुंबई म्युनिसिपालिटीची मराठी शाळा. बाहेर धो धो पाऊस, आत ओल्या टोप्यांचा आणि पाटीवरच्या पाण्याचा वास. पाढ्यांचा गलका इतका आहे की मास्तरांना ओरडून बोलावं लागतं. तुमचे आजोबा नाक ओढत आईच्या लुगड्याचा सोगा धरून उभे आहेत.

“हात डोक्यावरून घे. पलीकडचा कान धर.” आजोबा धरतात. कानाला बोटं पोचली म्हणजे वय शाळेचं झालं.

“नाव?” मुलाचं, बापाचं, आडनाव. मास्तरांचा टाक चालतो.

“जन्मतारीख?”

पणजी सांगते, अजिबात न चाचरता: “श्रावणात. नागपंचमी झाली आणि तिसऱ्या दिवशी. लावणी उरकली होती.” मास्तर वर बघतात. त्यांच्या मागे चाळीस पोरं बसलीत, पुढं वीस आया उभ्या आहेत, आणि रजिस्टरला इंग्रजी तारीख हवी. ते लिहितात: १ जून. महाराष्ट्रातल्या हजारो आजोबा-आज्यांचे वाढदिवस ज्या तारखेला आले, तीच तारीख तुमच्या आजोबांच्या वाट्याला येते.

आता तुमचा पहिला कागद काढा. कोतवाल बुकातली तारीख बघा, त्या सालचं जुनं पंचांग काढून तिथी जुळवा. नागपंचमीनंतरचा तिसरा दिवस. आणि आत्या काय म्हणाली होती आठवा: “आये म्हणायची, दादा नागपंचमीच्या मागनं झाला.” शाळेचा शिक्का असलेला कागद चुकला आणि निरक्षर बाई बरोबर निघाली. दोन कागदांत तारखेचा मेळ बसत नसेल तर घरातली सांगोवांगी उडवून लावू नका. कधी कधी तीच सगळ्यांत जुनी आणि सगळ्यांत नेमकी नोंद असते.

मास्तर रजिस्टर मिटतात. आईचं नाव? इथंही कुणी विचारलं नाही.

चौथा कागद: मस्टर

आणखी थोडं पुढं या. पणजोबांचा खोकला वाढलाय. गिरणीत ते बदलीवर आहेत, महिन्यातले भरायचे दिवस कमी होत चाललेत. खानावळीच्या रेघा पुरेनात. म्हणून एका सकाळी पणजी भाकऱ्या उरकून स्वतःच गिरणीच्या फाटकाशी उभी राहते. धाकटी मुलगी पाच महिन्यांची आहे, ती चाळीतल्या म्हातारीकडे ठेवलीय. दिवसभर झोपावी म्हणून म्हातारी तिच्या जिभेवर बाळगोळी ठेवते. गोळीत अफू असते. आईला ते माहीत आहे, आणि दुसरी सोय नाही हेही माहीत आहे. बाळंतपणाच्या भत्त्याचा कायदा मुंबई प्रांतात १९२९ साली झाला खरा, पण तान्ह्या मुलाला दिवसभर कुठं ठेवायचं हा प्रश्न रोजचाच राहिला.

फाटकातून आत चला. आधी खळीचा आंबूस वास येतो, मग तेलाचा, मग दमट गरम हवेचा लोट अंगावर येतो. डावीकडं साचेखातं आहे. धागा तुटू नये म्हणून हवा मुद्दाम ओलसर ठेवतात, दोन मिनिटांत तुमचा सदरा पाठीला चिकटेल. शेकडो धोटे इकडून तिकडं आपटतायत, तो आवाज कानात मावत नाही. माणसं एकमेकांशी ओठांनी आणि बोटांनी बोलतात. हवेत कापसाचे तंतू तरंगतायत, पापण्यांवर बसतायत. श्वास घेतला की घसा खवखवतो. पणजोबांचा खोकला कुठून आला, ते आता तुमच्या छातीला कळलं असेल.

बायका वाइंडिंग खात्यात. खात्याची नायकीण दारात उभी आहे, कामावर घेणारी तीच आणि काढणारीही तीच. तिच्या हातावर काहीतरी ठेवावं लागतं, पणजीनं ठेवलंय. शेजारी टेबलावर कारकून मस्टर उघडून बसलाय.

“नवऱ्याचं नाव?”

पणजी खाली मान घालते. मागच्या बायका हसतात. एकजण म्हणते, “उखाण्यात घे की!” दुसरी म्हणते, “अगो, इथं नाव घेतल्याबिगर पगार न्हाय मिळायचा!” हसण्याची लाट उठते, नायकीणही हसते, आणि शेवटी चाळीतली शेजारीण पुढं होऊन नवऱ्याचं नाव सांगून टाकते. कारकून लिहितो. मग तो मान वर न करता विचारतो:

“तुझं?”

थांबा. जवळ सरका. यंत्रांचा आवाज मोठा आहे.

इतक्या वर्षांत हा प्रश्न तिला पहिल्यांदाच कुणी विचारलाय. ती क्षणभर अडखळते, कारण तिला दोन नावं आहेत. एक माहेरचं, आईनं पाळण्यात ठेवलेलं. दुसरं लग्नात तांदळात अंगठीनं लिहिलेलं, जे सासरीसुद्धा कुणी वापरलं नाही. त्यांतलं एक ती सांगते, मोठ्यानं, कारण इथं हळू बोललेलं ऐकू येत नाही. कारकून ते लिहितो, पुढं नवऱ्याचं नाव, पुढं आडनाव, पुढं तिकीट नंबर.

ते नाव मी इथं छापत नाही. ते तुमच्या पणजीचं आहे, दुसऱ्या वाचकाच्या पणजीचं वेगळं असेल, आणि ते तुम्हीच ऐकायचं.

दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी नायकीण हजेरी घेते. नाव पुकारलं जातं, “हाय!” असं उत्तर जातं. घरी ती सूनबाई, धाकटी, वैनी, आये. या दारात ती एक माणूस आहे, तिच्या नावासकट, कारण इथं तिच्या हातांचा पगार लावायचा आहे. मग ती रांगेत आपल्या जागेवर जाते. बॉबिनवरचं सूत सरसर मोठ्या रिळावर चढतं. धागा तुटतो. ती दोन टोकं पकडते, बोटांत गुंफते, गाठ, तोड, पुढं. तुमच्या डोळ्यांना ती गाठ दिसतसुद्धा नाही. करून बघा. सूत तुमच्या बोटाला कापेल. तिच्या तर्जनीवर आता घट्टा पडलाय, तिथं सूत कापत नाही. पैसे उतरलेल्या सुतावर, दिवस कायद्याप्रमाणे ११ तासांपर्यंतचा, सगळा उभ्यानं. रविवारी सुटी. नारायण मेघाजी लोखंडे आणि त्यांच्याबरोबरच्या गिरणी कामगारांनी ती १८९० साली मिळवली. रविवारी ती चाळीच्या गॅलरीत मुलीला मांडीवर घेऊन तिच्या डोक्याला तेल घालते, आणि मुलगी त्या दिवशी बाळगोळीवाचून जागी असते, हसते.

परत आल्यावर

आता परत या. केसांतले कापसाचे तंतू झटका आणि कागद पसरा. नाव कुठं शोधायचं ते तुम्हाला आता कळलंय.

सरळ रेषेत शोधाल तर पुरुषच सापडतील. बाई आडवळणानं सापडते. फेरफार काढताना पणजोबा वारले त्यानंतरची वारस नोंद मागा, गाव नमुना ६-क. तिथं विधवा वारस म्हणून तिचं नाव येऊ शकतं. जुन्या खरेदीखतांत आणि गहाणखतांत बाईच्या नावापुढं ‘कोम’, ‘भ्रतार’ किंवा ‘बेवा’ लिहिलेलं असतं, त्या शब्दांवर नजर ठेवा, कारण त्यांच्या अलीकडचं नाव बाईचं असतं. तिच्या माहेरचं गाव कळलं तर तिथल्या जमिनीचे फेरफार बघा. १९५६ च्या वारसा कायद्यानंतर मुलींची नावंही वारसांत लागू लागली, आणि पुष्कळदा पाठोपाठ हक्कसोड पत्रही येतं, त्यात तिचं नाव आणि अंगठा सापडू शकतो. नाशिकला, त्र्यंबकेश्वरला, पंढरपूरला तीर्थोपाध्यायांच्या चोपड्या आहेत. गाव आणि आडनाव सांगितलं की ते तुमच्या घराण्याचं पान काढून देतात, आणि त्यात घरातल्या बायकांची नावंही लिहिलेली आढळतात. मृत्यूच्या नोंदी तपासा. गिरणीचं मस्टर, पगाराची पावती, तिकीट, काहीही कुणाच्या ट्रंकेत असेल तर आधी ते जपा. मोडी येत नसेल तर शिका, किंवा वाचणाऱ्याकडे न्या, पण कळत नाही म्हणून कागद टाकून देऊ नका.

आणि कचेरीत जाण्याआधी घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाजवळ बसा. “नाव काय होतं?” असं एकदम विचारलं तर “आठवत नाही” हेच उत्तर येईल. त्याऐवजी विचारा: आये भाकरी कशी करायची? तिला कुणी रागावलं तर काय म्हणायचं? तिचा भाऊ भाऊबीजेला यायचा तेव्हा तिला कुठल्या नावानं हाक मारायचा? सासरी जे नाव कुणी घेतलं नाही, ते माहेरचा माणूस घेत असतो. हा एक प्रश्न कित्येक घरांत कचेरीच्या दहा फेऱ्या वाचवतो.

वंशावळीच्या तक्त्यात पुरुषांची नावं चौकटीत असतात आणि त्यांना जोडणाऱ्या रेघा असतात. त्या प्रत्येक रेघेच्या जागी एक बाई उभी आहे. तिनं ओल्या लाकडावर चूल पेटवली, मूल अनोळखी हातांत देऊन लाटेवरून उडी मारली, अचूक तिथी सांगितली आणि चुकीची तारीख मुकाट ऐकून घेतली. ती नसती तर रेघ पुढं गेलीच नसती. घराण्याचा अभिमान बाळगायचा असेल तर या रेघांचा बाळगा.

म्हणून नाव सापडलं की ते पणजोबांच्या नावाखाली कंसात कोंबू नका. त्यांच्या शेजारी लिहा, तेवढ्याच मोठ्या अक्षरात. पुढं तिच्या माहेरचं गाव लिहा, वडिलांचं आणि आईचं नाव लिहा. आईचं नाव माहीत नसेल तर तेवढी जागा मोकळी सोडा, कारण पुढचा शोध तिथून सुरू होतो.